एखादा प्रसंग सांगा

३ फेब्रुवारी, मंगळवार

लेखी परीक्षेत नाव लागलं! रंगांच्या कारखान्यातली उन्हाळ्याची इंटर्नशिप. आमच्या वर्गातून फक्त मला बोलावलंय. इंटरव्ह्यू महिनाअखेरीला.

आनंद जेमतेम दुपारपर्यंत टिकला. प्लेसमेंटच्या सरांनी बोलावून घेतलं. म्हणाले, "पंप, व्हॉल्व्ह, उष्णता, हे तू झोपेतही सांगशील. तिथे ते कुणी विचारणार नाही. तू माणूस कशी आहेस ते विचारतील." आणि हातात प्रश्नांचा कागद दिला. सगळे प्रश्न एकाच तऱ्हेने सुरू होतात. असा एखादा प्रसंग सांगा, जेव्हा सहकाऱ्याशी तुमचं पटलं नाही. जेव्हा तुमच्याकडून चूक झाली. जेव्हा घाईत निर्णय घ्यावा लागला.

संध्याकाळभर डोकं धरून बसले. एक प्रसंग सापडेल तर शपथ. एवढी घोडी झाले आणि सांगण्यासारखं काही घडलेलंच नाही. मावशी दातांच्या डॉक्टरांकडे कामाला, दिवसभर लोकांचं कण्हणं ऐकून येते, तरी घरात शिरल्या शिरल्या माझी चेष्टा. म्हणाली, "घडलं नाही तर बरंच आहे की! मला आणि तुझ्या आईला इतकं घडलंय की पोत्यात मावायचं नाही. हवं तर त्यातलं एखादं उसनं घे."

मग तिनेच सुचवलं. खालच्या मजल्यावरचे काका त्याच कारखान्यात होते. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. "जा, त्यांना विचार. नाहीतरी दिवसभर खिडकीशी बसून असतात."

५ फेब्रुवारी, गुरुवार

गेले. मला वाटलं होतं काका कंटाळतील. ते तर वाट बघत असल्यासारखे उठले. कारखान्याचं नाव काढल्यावर मात्र उठून खिडकी लावून घेतली. मग टेबल भिंतीपासून ओढलं, एका बाजूला एक खुर्ची, समोर दोन. मी विचारलं, "दोन कशाला?" म्हणाले, "पॅनलमध्ये एकटा माणूस नसतो." ते एकीवर बसले. दुसरी रिकामी.

मी प्रयोगशाळेच्या रिपोर्टचा किस्सा सांगितला. शेवटच्या दिवशी लंबूने (हा माझा प्रोजेक्टमधला जोडीदार, उंची सोडून बाकी सगळ्यात आळशी) आलेख काढलेच नव्हते आणि मी ते बसून पूर्ण केले. काकांनी शांतपणे ऐकलं. रिकाम्या खुर्चीकडे एकदा बघितलं, मग माझ्याकडे. "खोटं नाही. पण पोकळ आहे. कुणाचं काय बिघडलं असतं?"

मला राग आला, पण खरं होतं.

काकू चहा ठेवून गेल्या. काकांना नीट ऐकू येतं, तरी त्या त्यांना हाक मारत नाहीत. जवळ येऊन खांद्याला हात लावतात. आमची मावशी तर जिन्यातून ओरडते.

८ फेब्रुवारी, रविवार

आज चुकीबद्दलचा प्रश्न. "तुमच्याकडून झालेली चूक सांगा." मी आठवून आठवून मागच्या सत्रातली गोष्ट सांगितली. आमचा प्रोजेक्ट पाण्याच्या प्रवाहाचा. आकडे जुळेनात, म्हणून प्रयोगशाळेमागची टाकी साफ करायचं ठरलं. लंबू हात लांब म्हणून आत उतरला, मी वर झाकणाशी. गाळाची बादली वर ओढायला दोर होता. गाळ निघाला, आकडे जुळले. लंबूची पँट कामातून गेली आणि आम्ही खूप हसलो. चूक एवढीच की टाकी आधी तपासायला हवी होती.

काका पुढे झुकले. "दोर तुझ्या हातात होता?"

"हो. बादलीचा."

"शेवटपर्यंत?"

मी म्हटलं, असेल. म्हणाले, "असेल नाही. आठव."

एवढ्याशा गोष्टीसाठी त्यांनी मला चांगला अर्धा तास बसवलं. आवाज मात्र चढला नाही. उलट इतके हळू बोलत होते की मलाच पुढे सरकावं लागलं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

कँटीनमध्ये लंबूला विचारलं. तो म्हणाला, "कुठला दोर घेऊन बसलीस! मी आत बोंबलतोय, बादली घे, बादली घे, आणि तू बाहेर फोनवर गप्पा हाणत होतीस. मीच चढून आलो शेवटी." आणि माझ्या ताटातलं उचलून खाल्लं.

म्हणजे मी दोर सोडला होता. मला अजिबात आठवत नव्हतं.

संध्याकाळी काकांना सांगितलं. त्यांनी डोळे मिटले. त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसलं त्याला समाधानच म्हणावं लागेल. "बघ," म्हणाले, "तुझ्याकडेही आहे."

१४ फेब्रुवारी, शनिवार

उत्तराला आता आकार येतोय. काका म्हणतात, पॅनलला प्रसंग ऐकायचा नसतो, त्यांना तिथे उभं राहायचं असतं. म्हणून बारकावे हवेत. टाकीच्या तोंडाशी वास कसला होता? मी म्हटलं, शेवाळाचा. "नुसता शेवाळाचा? गोडसर नव्हता?" विचार केल्यावर वाटलं, होता थोडा गोडसर. दोराचा रंग? मला वाटतं पांढरा. काका म्हणाले, हिरवा सांग, डोळ्यांपुढे राहतो. तिथून तुला कुणी बोलावलं? मी म्हटलं, मोबाईल वाजला. म्हणाले, "मोबाईल नको. कुणीतरी पळत आलं आणि म्हणालं, तुमचा फोन आहे. असं सांग. माणूस असला की प्रसंग जिवंत होतो."

हे थोडं खोटं झालं. पण सरही म्हणाले होते की थोडं रंगवलं तर चालतं.

मग त्यांनी पंखा बंद केला. "तो आत असताना तुला काय ऐकू आलं?"

"काहीच नाही."

"नीट ऐक."

भर दुपार, रस्त्यावर ऊन, आणि आम्ही दोघं काही न बोलता बसलेलो. मी कंटाळून दुसऱ्या खुर्चीकडे बघत होते. मग खरंच ऐकू आलं. लांबून, पत्र्यावर कुणी हाताने मारावं तसं, सावकाश. वरच्या मजल्यावरचा पाण्याचा पाइप असणार. काकांनाही ऐकू आलं की नाही कळलं नाही. ते माझ्याकडे बघत होते, आवाजाच्या दिशेने नाही.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

मावशीला पूर्ण उत्तर म्हणून दाखवलं. ती कणीक मळत होती. मी शेवटाला आले, 'मी परत आले तेव्हा दोर हलत नव्हता', तेव्हा तिचे हात थांबले.

"अगं, हे कधी झालं? मला बोलली नाहीस ती!"

"इंटरव्ह्यूसाठी आहे गं. थोडं रंगवलंय."

"आणि पोरगा? तो धड आहे ना?"

मी हो म्हटलं. पण हो म्हणायच्या आधी मी थांबले. थांबण्यासारखं काय होतं त्यात? लंबू तर सकाळी वर्गात माझ्याच मागच्या बाकावर होता.

मावशी म्हणाली, "उत्तर छान आहे, पण मला नाही आवडलं. दुसरं बघ एखादं." दुसरं कुठून आणू?

१९ फेब्रुवारी, गुरुवार

आज विचित्र झालं. व्हरांड्यात मागून कुणी खांद्यावर थाप मारली, वळून बघते तो लंबू. मी किंचाळलेच. सगळे बघायला लागले. तो हसून हसून बेजार. "काय मॅडम, भूत बघितल्यासारखं करताय?" त्याला त्याचा कॅल्क्युलेटर हवा होता. मी बोलता बोलता त्याची बाही चाचपून बघितली. कोरडी होती. मला वाटलं होतं ओली असेल.

तो जरा जास्तच हसतो, हे मला कधी खटकलं नव्हतं. आता वाटतं, जे झालं त्यानंतर एवढं हसणं बरं दिसत नाही.

झोप अपुरी होतेय. इंटरव्ह्यू झाला की दोन दिवस नुसती लोळणार आहे.

२२ फेब्रुवारी, रविवार

काका दाढी करायला कोपऱ्यावर गेले होते, म्हणून काकूंशी बोलत बसले. नेहमी बोलत नाहीत त्या. शर्टाचं बटण लावत होत्या. म्हणाल्या, "तू यायला लागल्यापासून ते झोपतात. किती वर्षांनी! आधी रात्रभर खुर्चीत."

मला बरं वाटलं. म्हटलं, "माझाही फायदाच आहे की."

त्यांनी दोरा दाताने तोडला. "तुझी झोप कशी आहे?"

मी म्हटलं, टेन्शन आहे, दुसरं काही नाही. त्यांनी शर्टाची घडी करून बाजूला ठेवली. मग अचानक म्हणाल्या, "कामावर असताना माणसाला फोन करू नये गं. मी तेव्हा विचारायला केला होता, येताना दूध आणाल का. दूध! तेवढ्यासाठी." आणि डोळे पुसायला लागल्या. मला काही समजेना. म्हाताऱ्या माणसांचं कुठलं दुःख कधी वर येईल सांगता येत नाही. मी पाणी आणून दिलं.

निघताना म्हणाल्या, "पोरी, तू उद्यापासून येऊ नकोस." तेवढ्यात काका आले, गुळगुळीत गालांनी, अगदी तरुण दिसत होते. "चला, बसू या," म्हणाले. बसले.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

शेवटची तालीम. मी सुरुवात केली आणि थोड्या वेळाने लक्षात आलं, काकांचे ओठ हलताहेत. माझ्याबरोबर. मी थांबले तिथे ते थांबले, मी श्वास घेतला तिथे त्यांनी घेतला. शेवटचं वाक्य आम्ही दोघांनी मिळून म्हटलं. 'चौकशीत मी सांगितलं की दोर सबंध वेळ माझ्या हातात होता.' हे वाक्य उत्तरात कधी आलं ते मला आठवत नाही. पण ते नसेल तर उत्तर अपुरं वाटतं हे खरं.

काका रडत होते. ओठ हसरे आणि डोळ्यांतून पाणी. "आता मी काही विचारणार नाही," म्हणाले. "तू त्या इमारतीत शिरशील. मला गेटच्या आत पाय टाकवत नाही. तू त्यांच्यासमोर बसशील आणि ते विचारतील."

मी वाकून नमस्कार केला. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, तो गार होता आणि मला वाटलं, तळव्यावर घट्टा आहे. घरी येऊन माझा तळवा बघितला. काही नाही. पण चुरचुरतोय.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

झाला इंटरव्ह्यू. सगळं लिहून काढते.

कारखाना प्रचंड. गेटवर चपला काढून जाड बूट घालायला लावले. आत गेल्या गेल्या तो वास आला, गोडसर. मला एकदम ओळखीचा वाटला. पॅनलमध्ये तिघं. एक हसरा एचआरवाला, एक प्लांटचा मॅनेजर आणि सेफ्टी विभागाच्या एक बाई. केस आखूड, चष्मा दोरीने गळ्यात. रिटायर व्हायला आलेल्या असाव्यात.

एचआरवाल्याने विचारलंच. "तुमच्याकडून झालेली एखादी चूक सांगा, जिने तुम्हाला काही शिकवलं."

मी सांगितली. टाकी, झाकण, हिरवा दोर. मला बोलावंच लागलं नाही, शब्द आपोआप येत होते. मी म्हटलं, "मी बाहेर पहाऱ्याला होते. आत उतरलेला माझ्याहून लहान होता, मी त्याला म्हटलं होतं की मी इथेच आहे. मग एक मुलगी पळत आली, म्हणाली, तुमचा फोन आहे. मी गेले. घरचा फोन होता, क्षुल्लक कामाचा."

बाईंच्या हातातलं पेन खाली पडलं. त्यांनी उचललं नाही.

मी पुढे सांगत गेले. परत आले तेव्हा दोर हलत नव्हता. चौकशीत काय सांगितलं तेही. मॅनेजर गोंधळून म्हणाला, "थांबा, कॉलेजच्या पाण्याच्या टाकीसाठी चौकशी बसली?" मी उत्तर देणार, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "तिला बोलू द्या." मग मला विचारलं, "पळत आलेल्या मुलीने काय घातलं होतं?"

हे काकांनी कधी विचारलं नव्हतं. तरी मला दिसलं. "निळा एप्रन. तिला मोठा होत होता. बाह्या दुमडल्या होत्या."

बाई उठून बाहेर गेल्या. एचआरवाल्याने उरलेले प्रश्न उरकले. बाहेर पडले तर त्या व्हरांड्यात भिंतीला टेकून उभ्या. म्हणाल्या, "तुझ्या शेजारीपाजारी आमच्याकडचं कुणी राहतं?" मी काकांचं सांगितलं. त्यांनी पत्ता विचारून घेतला.

उत्तर आवडलेलं दिसतंय. मावशीला म्हटलं, शंभर टक्के होणार.

१ मार्च, रविवार

आज अक्षर बघ कसं आलंय.

सकाळी बाई आल्या. काकांनीच दार उघडलं. इस्त्रीचा शर्ट घालून बसलेच होते ते. मला आणि मावशीला काकूंनी बोलावून घेतलं. काका आज माझ्या खुर्चीत बसले, म्हणजे उत्तर देणाऱ्याच्या. बाई समोर. दुसरी खुर्ची रिकामीच ठेवली होती, मावशी तिच्यावर बसायला गेली तर काका म्हणाले, "तिथे नको."

बाई म्हणाल्या, "तुम्हाला फोनसाठी बोलवायला मी आले होते. शिकाऊ होते तेव्हा. चौकशीत मला कुणी विचारलं नाही आणि मी बोलले नाही. टाकीतल्या वाफेने ज्याचा जीव गेला, त्याच्या घरी आजही सांगतात की त्याने स्वतःच दोर सोडला, स्वतःच्या हलगर्जीपणाने गेला. त्याची बायको अजून आहे. मला तिच्याकडे जायचंय. पण आधी तुमच्या तोंडून ऐकायचंय."

काकांनी सांगायला सुरुवात केली. मी ऐकत होते. आधी नवल वाटलं, मग राग यायला लागला. माझाच प्रसंग, माझेच शब्द, आणि ते सगळं स्वतःच्या नावावर सांगत होते. काकू तोंडाला पदर लावून उभ्या. काका म्हणाले, "मी दोर खाली ठेवला आणि फोनकडे गेलो."

मला राहवलं नाही. म्हटलं, "ठेवला नाही. शिडीला गुंडाळला. दोन वेढे दिले आणि वाटलं, पुरेल. म्हणून तर त्याने ओढला तेव्हा कुणाला कळलं नाही."

काकांचा चेहरा पांढराफटक. "हे मी तुला सांगितलं नव्हतं," म्हणाले. "हे मी कुणालाच सांगितलेलं नाही."

"सांगायला कशाला हवं? मी गुंडाळला तो."

बाई माझ्याजवळ आल्या. माझा हात हातात घेतला आणि लहान मुलाशी बोलावं तसं विचारलं, "बाळा, ही गोष्ट कधीची आहे माहीत आहे? तेव्हा तू किती वर्षांची होतीस?"

सोपा प्रश्न आहे. मी म्हटलं, विचार करून सांगते.

काका एकदम उठले. खुर्ची मागे पडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांना ओरडताना ऐकलं. "पोरी, तू नव्हतीस तिथे! मी होतो. मी! ऐकतेस ना? तू जन्मलीही नव्हतीस!" आणि माझे खांदे धरून हलवायला लागले. मावशीने त्यांना बाजूला केलं. नंतर ते बाईंबरोबर गाडीत बसून गेले, त्या माणसाच्या बायकोकडे. कागदावरही लिहून देणार म्हणे. काकू म्हणाल्या, आज त्यांच्या मानेवरचं ओझं उतरलं. मला आनंद झाला त्यांच्यासाठी.

पण मी तिथे नव्हते, हे काय बोलणं झालं? नसते तर मला एवढं कसं आठवलं असतं?

२ मार्च, सोमवार

बाईंचा फोन आला. इंटर्नशिप मिळाली आहे. पण आधी महिनाभर घरी राहा, एका डॉक्टरांना भेट, मग ये, म्हणाल्या. चांगल्या आहेत. मी कुणा डॉक्टरांकडे जाणार नाही, मावशी मात्र वेळ घेऊन बसलीय.

मावशीनेच लंबूला बोलावलं असावं. दुपारी आला. माझ्यासमोर बसला, गुडघे नेहमीसारखे टेबलाला आपटत. एकही चेष्टा केली नाही. माझा हात धरून म्हणाला, "हे बघ, मी बरा आहे. टाकीतून मी स्वतः चढून आलो होतो. माझी पँट आठव, तू किती हसली होतीस." त्याचा तळवा ऊबदार होता. मावशी दारात उभी राहून माझ्याकडे आशेने बघत होती, म्हणून मी मान हलवली, हसलेसुद्धा.

चहा घेतला त्याने. उद्या परत येतो म्हणाला. मी ये म्हटलं. इतक्या लांबून येतो बिचारा, त्याचं मन कशाला मोडायचं.

तो वर आलाच नाही, हे त्याला अजून कुणी सांगितलेलं दिसत नाही.